चोवीस वाहती

सातकमानी पुलाला शंभर वर्षं पुरी होत होती आणि त्यातून रत्नपारखी साहेबांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. एक, मंत्र्यांच्या शेजारी उभं राहून फोटो. दोन, कठड्यात बसणाऱ्या संगमरवरी पाटीवर नाव, खालून दुसऱ्या ओळीत का होईना. आणि तीन, या दोन्हींच्या जोरावर कार्यकारी अभियंत्याची खुर्ची. चौथी गोष्ट माझी होती, कोल्हापूरची बदली. ती साहेबांच्या तिसरीला बांधलेली होती, गाडीच्या सावलीत कुत्रं चालतं तशी.

एकोणीसशे त्र्याऐंशीचा मे महिना. सकाळी नऊ वाजता आम्ही तांबणी नदीच्या कोरड्या पात्रात उभे होतो. टिपणं घेणारा रजेवर होता म्हणून साहेबांनी मला वही घेऊन आणलं होतं. साहेब कमरेवर हात ठेवून पुलाकडे बघत होते.

"शिरोळकरबाई, काय दिसतं?"

"पूल, साहेब."

"तो आंधळ्यालाही दिसेल. ओघळ बघा, ओघळ."

मी बघितलं. मांदळ्यात येऊन मला आठ वर्षं झाली होती. पुलाच्या तोंडाशीच आमचं बांधकाम खात्याचं ऑफिस, पण खालून पूल मी पहिल्यांदाच बघत होते. वरून जाताना तो नुसता रस्ता वाटतो. खालून बघितलं की मान दुखते. काळ्या घडीव दगडाच्या सात कमानी, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक मोठा किल्लीचा दगड, आणि मधल्या सहा खांबांना वरच्या अंगाने होडीसारखी टोकं काढलेली, पुराचं पाणी कापायला. कमानींच्या खांद्यांवर दोन्ही बाजूंनी सरळ भिंती चढवून त्यावर कठडा. त्या भिंतींत, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर, मूठभर आकाराची दोन-दोन भोकं होती. प्रत्येक भोकाखाली चुन्याचा पांढरा ओघळ उतरलेला. शंभर वर्षांचा.

"शंभर वर्षांची म्हातारी आणि नाक गळतंय," साहेब म्हणाले. "फोटोत काय दिसेल? लिहा. दर्शनी भिंतीचे सांधे सिमेंटने भरणे. ओघळ घासून काढणे. भोकं बुजवणे."

"भोकं नगं, साहेब."

हे तिम्मा बोलला. तिम्मा वडर आमचा मैलकुली, म्हणजे ठरलेल्या मैलांतला रस्ता राखणारा. खड्डे, गटारं, झाडं, आणि हा पूल. काटक, पन्नाशीचा, अंगठेबहाद्दर. त्याच्या पणज्यानं या पुलाचे दगड घडवले असं तो सांगायचा. वडराच्या प्रत्येक माणसाचा पणजा कुठल्या ना कुठल्या पुलाला असतोच, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो.

"का नको?"

"साहेब, ही पेटी हाय. वर रस्ता, खाली कमानी, दोन अंगाला ह्या भिंती, आन् आत नुसता मुरूम-दगूड भरल्याला. वरनं पाणी मुरतंय, कमानीच्या खांद्याला यिऊन थांबतंय आन् हितनं भाईर पडतंय. पूल मुततोय त्यो. त्याचं मुतणं बंद केलं तर फुगंल की!"

"मुततोय!" साहेब खो खो हसले. "मंत्र्यांपुढे मुतणारा पूल उभा करू काय रे?"

सगळे हसले. मीही हसले. माझं वहीत 'भोकं बुजवणे' लिहून झालं होतं.

साहेब वाईट इंजिनियर नव्हते. त्यांनी त्याला समजावून सांगितलं. "तिम्मा, हा पूल बांधला तेव्हा वर खडीचा रस्ता होता. पाणी आत जायचं म्हणून भोकं ठेवली. आता वर डांबर आहे. पाणी जाणार कुठून?"

"डांबराला भेगा हायती," तिम्मा म्हणाला. "पाण्याला आत जायला सही लागत न्हाई."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बोलणं संपलं.

तिम्माचा आणि माझा एक वार्षिक व्यवहार होता. दर साल मृगाच्या आधी तो कठड्याला दोर बांधून, फळीच्या झोपाळ्यावर बसून भिंतीवर उतरायचा. लांब पहारीने एकेक भोक मोकळं करायचा. पिंपळाची रोपं, मैनेची घरटी, मुरुमाचे गोळे. पहिला मोठा पाऊस पडला की खाली पात्रात उभा राहून मोजायचा, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"बाई, चोवीस."

एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. मी आवक रजिस्टरात एक ओळ लिहायची: 'सातकमानी पूल, गळती भोकं चोवीस वाहती. तोंडी, तिम्मा वडर, मैलकुली.' नंबर टाकायची. तो नंबर विचारायचा, मी सांगायची, तो मान हलवून जायचा. नंबराचं त्याला काय कौतुक होतं कोण जाणे. बहुधा आमच्याकडूनच शिकला असावा. आमच्या ऑफिसात माणूस मेला तरी नंबर पडल्याशिवाय मेला असं धरत नसत. हे मी अनुभवाने सांगते. माझे यजमान याच खात्यात रोलरखाली गेले. त्यांच्या मृत्यूच्या कागदाला नंबर पडायला तीन आठवडे लागले, आणि त्या नंबरावर अनुकंपेनं मला ही नोकरी लागली. मुलगी मेघना तेव्हा वर्षाची होती. ती कोल्हापूरला माझ्या बहिणीकडेच वाढली. त्या वर्षी मे महिन्यात तिचं पत्र आलं, त्यात बहिणीला 'आई' होतं आणि मला 'मांदळ्याची आई'. बदलीचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला.

मंत्र्यांची तारीख मेमधून जूनमध्ये गेली आणि जूनमधून दहा जुलैला. पूल मात्र मेमध्येच नटून बसला होता. काळ्या दगडांवर सिमेंटच्या पांढुरक्या रेघा, जशी कुणी खडूने चौकटी आखून शाळा भरवली असावी. भोकांत सिमेंट आणि वर दगडाची चीप, अशी बेमालूम की हात फिरवूनही कळू नये.

सत्तावीस जूनला, सोमवारी, तिम्मा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाई, शून्य."

"काय शून्य?"

"वाहती भोकं. पंधरा दीस पाऊस पडतुया, एक थेंब भाईर न्हाई. सगळं आत हाय. तिसऱ्या खांबाव भिंतीला पोट आलंय."

"पोट?"

"बोटभर. दोरी लावून बघितलंय म्या. ह्या साली एक वळ लिवून भागायचं न्हाई, बाई. अर्ज लिवा. भोकं फोडायची परवानगी पायजे."

मी अर्ज लिहिला. माझ्या अक्षरात अर्धं पान: भोकं बुजल्यामुळे पुलात पाणी साठत आहे, तिसऱ्या खांबावर भिंत फुगली आहे, भोकं उघडण्यास परवानगी मिळावी. खाली तारीख, त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. मग मी शाई टिपली आणि हिशोब केला. अर्जाला नंबर पडला की तो साहेबांच्या टेबलावर जाणार. साहेबांना सात दिवसांत उत्तर द्यावं लागणार. हो म्हणाले तर मंत्र्यांसमोर भोकं आणि ओघळ. नाही म्हणाले तर लेखी नाही, आणि लेखी नाही म्हणणं त्यांना अजिबात आवडायचं नाही. दोन्ही बाजूंनी चिडणार. आणि माझा बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर, डाव्या हाताच्या गठ्ठ्यात, वरून चौथा.

"तिम्मा, दहा तारखेचा कार्यक्रम होऊ दे," मी म्हणाले. "मग नंबर टाकते. आत्ता टाकला तर साहेब तुझ्यावरच उखडतील."

"तवर पडंल का ऱ्हाईल?"

"शंभर वर्षं राहिला. पंधरा दिवस राहील."

त्याने अंगठ्याची शाई धोतराला पुसली. मग म्हणाला, "बरं. तुमी म्हंतायसा तर." मी कागद खणात ठेवला. त्याच्या भल्यासाठीच ठेवतेय असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. निम्मं तरी.

दहा तारखेला कार्यक्रम झाला. पाऊस थांबला होता. फोटो निघाला. पाटीवर साहेबांचं नाव अगदी खालच्या ओळीत आलं, खालून दुसरीत ठेकेदार बसला. साहेब दोन दिवस त्याच रागात होते, त्यामुळे अकराला आणि बाराला माझा धीर झाला नाही. तेरा तारखेला पाऊस असा लागला की समोरचं आंबेतरे गाव दिसेना. दुपारी तिम्मा आला, अंगावर पोत्याची खोळ, दारातच थांबला. फरशीवर पाणी सांडेल म्हणून.

"बाई, नंबर पडला?"

"उद्या. साहेब सर्किट हाउसला गेलेत. आले की पहिलं तुझंच."

"कठड्याच्या कडंनं रस्त्याला भेग गेलीया. हात जातुया."

"उद्या, तिम्मा."

"उद्या," तो म्हणाला, आणि गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलले असते.

त्या पावसात ऑफिसचं छप्पर गळलं. चौदाला सकाळी मी आले तर कपाटाच्या वरच्या फळीवरून पाणी ठिबकत होतं. आवक रजिस्टर चिंब. पानं सुटी करून मी खिडकीशी वाळत घातली आणि टिपकागद दाबत बसले. म्हणून सगळं मला दिसलं.

तिम्माची बायको शिवम्मा पुलाच्या आमच्या टोकाला, रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी होती. हातात लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधलेला. तिच्यापुढे आंबेतऱ्याकडे जाणारी एसटी थांबली होती, आणि कंडक्टर खाली उतरून ओरडत होता.

"अगं बाई, हो बाजूला! तुझ्या बापाचा पूल आहे का?"

"बापाचा न्हाई, पणज्याचा हाय! एक चाक पुढं घालशील तर माझ्यावरनं घाल!"

"साहेब लोकांना सांगेन!"

"सांग की! तुज्या साहेबाला बी हितं आण, त्यालाबी थांबीवते!"

बसमधली माणसं हसत होती. पलीकडच्या टोकाला तिच्या दिराने दोन बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. मधे पूल रिकामा. तिसऱ्या खांबापाशी रस्ता ओलांडून एक दोर गेलेला, पलीकडच्या कठड्याला बांधलेला. इकडच्या कठड्याखाली तो नाहीसा होत होता. पहारीचा आवाज येत होता. ठण. ठण. मग थांबायचा. मग पाण्याची एक धार भिंतीतून सुटायची, नळ फुटल्यासारखी, गढूळ, तिरपी, लांब. एकेक करत पलीकडची बारा त्याने आधीच उघडली होती, हे नंतर कळलं. इकडची चालू होती. मी धारा मोजल्या. सात.

आठवीला ठण झालं आणि मग खडीचा ट्रक रिकामा होतो तसा आवाज. तिसऱ्या खांबावरची भिंत कठड्यासकट बाहेर गेली. आतला मुरूम तिच्या मागे ओतला. कमानी तशाच उभ्या राहिल्या, रस्त्याचा निम्मा भाग नाहीसा झाला. एसटी जिथून गेली असती तो निम्मा.

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा वीस. हे का बघितलं ते मला आजही सांगता येणार नाही. हातातला टिपकागद मी पुढच्या ओळीवर दाबला.

दोर पलीकडच्या कठड्याला तसाच बांधलेला होता.

दुपारी पोलिसांनी तिम्माचं प्रेत काढलं आणि पहार आणून ऑफिसात जमा केली. 'लोखंडी पहार, एक नग, पुराव्यादाखल.' तिला मी लगेच नंबर टाकला. नऊशे ब्याऐंशी.

पहिला अहवाल तिसऱ्या दिवशी गेला. 'मैलकुलीने विनापरवाना पहारीचे घाव घालून ऐतिहासिक बांधकामास हानी पोहोचविली, त्यामुळे भिंत ढासळली.' जावक मीच केला. परवानगीशिवाय म्हणजे ड्युटीवर नव्हे. ड्युटीवर नव्हे म्हणजे अनुकंपा नाही, शिवम्माला नोकरी नाही, आणि वर सरकारी पूल पाडल्याचा डाग. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या कोर्सची मी जुनी विद्यार्थिनी.

साहेब माझ्या टेबलाशी आले. सहसा बोलावून घेत. "शिरोळकरबाई, तिम्माचं काही लेखी आलं होतं का हो आपल्याकडे?"

"रजिस्टरात नाही, साहेब."

मी खोटं बोलले नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. आम्ही दोघं आपापल्या कामात तरबेज होतो. जाताना म्हणाले, "तुमच्या बदलीची शिफारस करून टाकलीय. मुलीजवळ असायला हवं आईनं."

शिवम्मा एकविसाला आली. ऑफिसच्या पायरीवर बसली, आत येईना. मी बाहेर गेले.

"बाई, त्यो कागुद तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

"आहे."

"त्यो मला सांगून गेलता. बाईनं लिवून घेतलंय, अंगठा दिलाय, नंबर तेवढा पडायचा ऱ्हायलाय. मला नोकरी मिळंल न मिळंल, ती बगू. पर त्येनं पूल पाडला म्हंत्यात ओ. वडरानं पूल पाडला! वाडीत त्वांड दावायला जागा न्हाई. तुमी नंबर टाका."

"टाकते," मी म्हणाले. "आजच."

आता ऑफिसातली एक गोष्ट सांगायला हवी. रोज संध्याकाळी रजिस्टर बंद करताना मी एक नंबर कोरा सोडायची. ही युक्ती माझी नव्हे. मला काम शिकवणाऱ्या जुन्या कारकून बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की शहाणा कारकून रोज एक ओळ देवासाठी ठेवतो. उशिरा आलेलं टेंडर, विसरलेला खुलासा, साहेबाला मागल्या तारखेचं हवं असलेलं काही, त्यासाठी. सगळ्या ऑफिसांत ठेवतात, आणि सगळ्यांना माहीत असतं. सत्तावीस जूनचा कोरा नंबर नऊशे सतरा होता.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या, असं आता दिसतं. तेव्हा एकच दिसली. बिननंबराचा कागद म्हणजे वाण्याची पुडी बांधायचा कागद, हे माझ्या हाडात होतं. आणि भिंत पडेपर्यंत अठरा दिवस तो माझ्या खणात होता हे कुणाला सांगायची तयारी नव्हती, तेही होतंच. मी तीच दौत घेतली, तेच निब. वरची ओळ बघून अक्षर तितकंच तिरकं केलं. '९१७. तिम्मा वडर, मैलकुली यांचा अर्ज, गळती भोकं उघडण्याबाबत.' अर्जावर शिक्का मारला, शिक्क्यात नंबर भरला. टिपलं. इतकी सुबक नोंद मी आठ वर्षांत केली नव्हती.

चौकशीला बारटक्के नावाचे वयस्क अधिकारी आले. जाड चष्मा, हळू आवाज. रत्नपारखी साहेबांना त्यांनी पाऊण तास विचारलं. भोकं बुजवायचा लेखी आदेश कुठे आहे? नव्हता. माझ्या वहीतलं टिपण होतं, पण टिपण म्हणजे आदेश नव्हे, आणि ठेकेदार म्हणाला, मी समजुतीनं बुजवली. साहेबांनी आयुष्यात नको तिथे एक ओळ लिहिली नव्हती. असा माणूस पुरात सापडत नाही.

मग मला बोलावलं. टेबलावर अर्ज, शेजारी रजिस्टर.

"आठ वर्षं या माणसाची एकेक ओळ आहे," ते म्हणाले. "चोवीस वाहती, चोवीस वाहती. छान वाटलं वाचून. एवढी नेमाची नोंद मी जिल्ह्यात बघितली नाही. या वर्षी अर्ज."

"यंदा भोकं बुजली होती, साहेब."

"बरोबर. आणि हा अर्ज सत्तावीस जूनला आला. मग रत्नपारखींपुढे का नाही गेला?"

"कार्यक्रमाच्या गडबडीत फायलीत राहिला."

"राहतो." त्यांनी रजिस्टर उचललं आणि खिडकीशी नेलं. पान उजेडात तिरपं धरलं. मला वाटलं चष्म्यामुळे दिसत नसेल. मग त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं, जसं एखाद्या मुलीला आभाळातलं काही दाखवायला बोलावतात.

"हे रजिस्टर भिजलं होतं का?"

"हो साहेब. तेरा तारखेच्या पावसात."

"दिसतंय. सगळ्या ओळी फुटल्यात. बघा, नऊशे पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस. शाई धुवून पसरली." त्यांचं बोट थांबलं. "ही एकटी कोरडी कशी राहिली, बाई?"

खिडकीतून पूल दिसत होता. सहा कमानी अखंड, एकीचा खांदा उघडा.

मी सगळं सांगितलं. खण, दहा तारीख, बदली, उद्या. काही ठेवलं नाही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही बिननंबराचा कागद आणून माझ्यापुढे टाकला असतात, की साहेब, हा अठरा दिवस मी दडवून ठेवला, तर मी मान्य केला असता. स्वतःच्या अंगावर येणारं खोटं कोण बोलेल?"

"मग आता मान्य करा. तो खराच आहे."

"असेल. मला वाटतं, आहेच. पण या नोंदीनंतर तुम्ही जे सांगाल ते सगळं याच शाईतलं. आणि उद्या वर कुणी विचारलं तर मी काय दाखवू? हे?" त्यांनी लाल पेन काढलं आणि नऊशे सतरावर एक आडवी रेघ ओढली. अर्जावरही. अंगठ्याच्या ठशावरून ती रेघ गेली.

मी बाहेर आले. शिवम्मा पायरीवर बसली होती. उठून उभी राहिली.

"बाई, नंबर पडला?"

"पडला," मी म्हणाले.

तिने दोन्ही हात जोडले. मी आत माझ्या टेबलाशी परत गेले. खरं काय ते तिला पुढच्या महिन्यात टपालाने कळलं. त्या पत्राला मी नंबर टाकला नाही, तोवर मी मांदळ्यात नव्हते.

याला आता चाळीस वर्षं झाली. गेल्या सालच्या पावसात भाचीच्या लग्नाला आंबेतऱ्याला जाताना एसटीतून उतरले, आणि गाडी पुढे जाऊ दिली. तिसऱ्या खांबावर सिमेंटची नवी भिंत आहे. नव्या-जुन्या दोन्ही भिंतींत प्लास्टिकच्या नळ्या बसवल्यात. मी पात्राच्या काठाने दोन्ही बाजूंनी जाऊन मोजल्या. चोवीस. एकीतून मैनेचं घरटं बाहेर आलं होतं.

पाटी शाबूत आहे. त्यात साहेबांचं नावही. त्यांना दोन वर्षांनी ती खुर्ची मिळाली आणि पुढे आणखी एक मिळाली. ठेकेदाराला नवी भिंत बांधायचं काम मिळालं. एसटीतल्या एक्केचाळीस माणसांना त्यांचं आंबेतरे मिळालं, तासाभराच्या उशिराने, लांबच्या रस्त्याने, कंडक्टरच्या शिव्या ऐकत. माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या, आणि शिक्षा म्हणून तडकाफडकी बदली केली. कोल्हापूरला. मेघना स्टँडवर न्यायला आली होती. तिने मला आई म्हटलं.

शिवम्मा चौदा वर्षं खात्याच्याच रस्त्यांवर खडी फोडत होती, रोजंदारीवर, दिराच्या नावानं. मस्टरवर तिचं नाव घ्यायला मनाई होती.

तिम्मानं इकडची सात आणि पलीकडची बारा उघडली होती. एकोणीस वाहती. राहिली पाच. सत्तावीस जूनला नंबर पडला असता तर चोवीसच्या चोवीस त्यानं परवानगीनं, कोरड्या उघडिपीत, दुपारपर्यंत उघडली असती. ती पाच कुणाच्याच नावावर लावलेली नाहीत. किंमत भरली मात्र तिम्मा आणि शिवम्मानं.